फ्रेट कोरे, पाठ घासलेली

नानाजी बोढ्यांना कोणी फसवू नये, एवढीच त्यांची या जगाकडून माफक मागणी होती. आणि जो तो आपल्याला फसवायलाच टपून बसला आहे, ही त्यांची पक्की खात्री होती. दूधवाला आला की दुधाचा थेंब नखावर घ्यायचा आणि तो ओघळतो की थांबतो ते त्याच्यादेखत पाहायचं. नागपुरात बेसाला फ्लॅट घेतला तेव्हा या माणसानं खोल्याखोल्यांतून हिंडून प्रत्येक भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिली. बिल्डरचा माणूस शेवटी वैतागून म्हणाला, "काका, भिंत आहे हो, तबला नाही." त्यावर नानाजी म्हणाले, "तबला असता तर एवढं पाहिलं नसतं. तबला खोटं बोलत नाही."

आता एवढा संशय काही आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते. जवानीत नानाजी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. दिवसभर पाटबंधारे खात्यात कारकुनी आणि संध्याकाळी लग्नाचे मांडव, गणपती, शारदा उत्सव, जे मिळेल ते. त्या काळात एका गोडबोल्या माणसानं त्यांच्या गळ्यात एक गिटार मारली. पोकळ अंगाची, पोट फुगीर, छातीवर व्हायोलिनला असतात तशा दोन खाचा. दिसायला काय नखरा होता तिचा! विलायती आहे म्हणून सांगितलं होतं. नागपूरचा मे महिना लागला आणि विलायतेचं सोंग उतरलं. मान वाकली, सांधे उकलले, आणि भर मांडवात, वऱ्हाडी जेवायला बसलेले असताना, तिनं असा काही बेसूर गळा काढला की नवरदेवाचा मामा घास हातात घेऊन हसत सुटला. नानाजींनी ते हसू आयुष्यभर जपून ठेवलं. त्यानंतर दुधानं पोळलेला हा माणूस ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला.

पण त्या फसवणुकीतून एक झालं. पोकळ गिटार ओळखावी तर नानाजींनी, असं गावात नाव झालं. कोणाला जुनी गिटार घ्यायची असली की तो आधी बेसाला येणार. नानाजी आधी तिला हातच लावायचे नाहीत. खुर्चीवर ठेवून लांबून पाहायचे, मुलगी पाहायला आल्यासारखे. मग डोक्याकडून एक डोळा मिटून मानेवरून नेम धरायचा, मान सरळ आहे की वाकडी ते कळतं. मग पोट ठोकायचं, पाठ ठोकायची. मग खाचेला नाक लावून आतला वास घ्यायचा. लाकूड चिकटवायच्या ताज्या सरसाचा वास आला की समजायचं, कुठंतरी फुटली होती आणि ते लपवलं आहे. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा बारका आरसा आणि टॉर्च आत घालून पोटातल्या पट्ट्या पाहायच्या. हे सगळं झाल्यावर तारांना हात. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, दाबून ऐकायची. आणि निकाल? "हं." बस. चांगली असली तरी 'हं', वाईट असली तरी 'हं'. फरक फक्त सुमतीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळायचा. चांगल्या गिटारच्या 'हं'नंतर ते चहा मागायचे.

तर अशा माणसाच्या घरी अपेक्षानं एक दिवस सांगून टाकलं की मला साहिल गावंडेशी लग्न करायचं आहे.

अपेक्षा त्यांची एकुलती एक. रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या ऑफिसात होती. साहिल तिथंच फिजिओथेरपिस्ट, मूळचा सावनेरचा. बाप खाणीच्या ऑफिसात होता, तो वारला; आई पार्वतीबाई गावीच राहते. जातीचं, शेतीचं, घरदाराचं सगळं जुळत होतं, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तिथंच नानाजींच्या मनात पाल चुकचुकली. इतकं सगळं कसं काय जुळते? ते कोणाला न सांगता गुडघा दुखतो म्हणून त्या दवाखान्यात जाऊन आले. साहिलनं गुडघा दाबून, वाकवून, हलवून पाहिला आणि म्हणाला, "काका, तुमच्या गुडघ्याले काहीच झालं नाही. घरी जा, रोज चालत जा." दुसरा कोणी खूश झाला असता. नानाजी घरी येऊन म्हणाले, "सुमती, हे पोट्टं फारच सरळ आहे. आजकाल इतकं सरळ कोणी असते काय?"

सुमतीबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, वाकडा निघाला असता तरी तुमी नाही म्हटलं असतं!"

"म्हटलंच असतं."

"मंग पोरीनं करावं तरी काय?"

नानाजींनी पेपर उघडला.

पुढच्या रविवारी साहिल घरी आला, आणि खांद्याला गिटार अडकवून आला. दारातच म्हणाला, "काका, गुडघा कसा आहे?" नानाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अपेक्षा तोंडाला ओढणी लावून आत पळाली. साहिलनं बॅग उघडली. "आईनं पाठवली. म्हणाली, पुष्कळ वर्षं पडून आहे, त्यांना एकदा दाखवून आण. मी तारा नव्या टाकून आणल्या, पॉलिशपण मारून घेतलं."

पोकळ अंगाची गिटार! कडेला काळपट, मधोमध मधासारखी, दोन खाचा, तारांखाली आवाज उचलणारा एक पिकप. फार वर्षांत इतकी देखणी गिटार नानाजींच्या घरात आली नव्हती. आणि देखणी म्हटल्यावर ते लगेच सावध झाले.

"कोणाची?"

"घरचीच. बाबांनी कलकत्त्याहून आणली होती. ऑफिसच्या कामाले गेले होते."

"वाजत होती काय?"

"रोज. संध्याकाळी दिवा लावला की तासभर तरी वाजे."

नानाजींनी पुढं काही विचारलं नाही. टॉर्च आणली, आरसा आणला. वासात खोट नव्हती, मान सरळ होती, पोटातल्या पट्ट्या जागच्या जागी. मोकळी तार छेडली तर आवाज काय गोड, भरल्या रांजणातून आल्यासारखा! पण तारा दाबून कॉर्ड धरली की त्या फ्रेटला लागून झणझणत होत्या. त्यांनी फ्रेटवर नख फिरवलं. रोज तार दाबली तर तिच्या खाली बारीक खाच पडते, वर्षानुवर्षं दाबली तर लाकूडसुद्धा झिजतं. इथं काही म्हणजे काही नाही. फ्रेट कोरे करकरीत. मग त्यांनी गिटार पालथी केली. पाठीवर दोन ठिकाणी रंग उडाला होता, शेजारी शेजारी, दोन मोठे फिकट डाग. नानाजींनी त्या डागांवरून हळूच अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं."

चहा मागितला नाही. सुमतीबाई आतून कान देऊन होत्या, त्यांनी चहाचं भांडं परत फळीवर ठेवलं. साहिलला वाटलं, काकांचं बोलणंच असं थोडकं असेल. आठवडाभर ठेवून घ्या म्हणाला आणि गेला.

तो जिन्यावरून उतरला असेल नसेल, नानाजी उसळले. "सुमती, पोट्टं खोटं बोलून राहिलं! ही गिटार जन्मात कोणी वाजवली नाही."

"अवो, हळू."

"फ्रेट पाहा. नख फिरवून पाहा. हातच्या काकणाले आरसा कशाले? आणि पाठ पाहिली काय? पाठ घासली आहे! जुनी दिसावी म्हणून असे घासतात बदमाश लोक. मी सतरा पाहिल्या अशा. बाप रोज वाजवे म्हणे! बापानं खुंटीवर टांगून ठेवली असेन शोभेले."

अपेक्षा दारात येऊन उभी होती. "बाबा, कोण वाजवत होतं, ते विचारलं काय तुमी?"

"विचारायचं काय त्याच्यात? बापानं आणली तर बापच वाजवणार. अन् कोण?"

तिनं बोलायला तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं इतक्या जोरानं पाट्यावर चटणी वाटली की खालच्या मजल्यावरचे लोक वर पाहू लागले. नानाजींना तिच्या गप्प बसण्याचाही संशय आला. पोरगी एवढी सहज गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

आठवडाभर ती गिटार दिवाणखान्यात कोपऱ्यात उभी होती, आणि येता जाता नानाजी तिच्याकडे असे पाहायचे जसं कोणी न बोलावलेल्या पाहुण्याकडे पाहतं. एकदोनदा सगळे झोपले असं वाटून त्यांनी दुपारी मोकळ्या तारा छेडूनही पाहिल्या. आवाज गोडच होता, त्याला काही करता येत नव्हतं. तोच तर त्यांना जास्त झोंबत होता. उघड्यावर गोड आणि दाबलं की कडू. माणसंही अशीच असतात, बाहेरून साजूक. पोरगी अशा घरात गेली आणि उद्या तिथं खोट्यावर खोटं निघालं, तर तिनं कोणाच्या तोंडाकडे पाहायचं? संशय घेणारा माणूस दुष्टच असतो असं थोडंच आहे? नानाजींना पोरीचं भलंच हवं होतं, फक्त ते भलं आरशात आणि टॉर्चच्या उजेडात दिसावं असं त्यांना वाटे.

शेवटी त्यांनी फर्मान काढलं. "रविवारी सावनेरले जाऊ. घर पाहणंही होईन, अन् गिटार त्याईच्या त्याईले देऊन देऊ. बोलायचं ते तोंडावर बोलीन."

घर पाहायला मुलगी न्यायची पद्धत नाही. पण हायवेवर गाडी अपेक्षाच चालवायची, तेव्हा पद्धत घरीच राहिली.

पार्वतीबाईंचं घर साधं, पुढं ओसरी, मागं संत्र्याची चार झाडं. त्या ठेंगण्या, सावळ्या, डोक्यावरून पदर. त्यांनी पोहे केले होते, वरून तर्रीचा झणझणीत रस्सा, आणि नानाजींनी पहिला घास घेण्याआधी तर्रीचासुद्धा वास घेतला. सुमतीबाईंनी टेबलाखालून त्यांना पाय मारला. पार्वतीबाई नुसत्या हसल्या. शेताचं झालं, पावसाचं झालं, साहिलच्या लहानपणाचं झालं. मग नानाजींनी ताटली बाजूला सारली, उठून गिटार बॅगेतून काढली आणि पलंगावर ठेवली.

"बाई, राग मानू नका. मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे."

"बोला ना जी."

"ही गिटार कोणी वाजवलेलीच नाही. फ्रेट कोरे आहेत. पाठ मुद्दाम घासली आहे. तुमच्या पोरानं माझ्या घरी येऊन सांगितलं, रोज वाजे. आता गिटारीसारख्या गोष्टीत जो खोटं बोलते, तो मोठ्या गोष्टीत काय करन? खोटं बोलणाऱ्या घरी मी पोरगी देत नाही."

सुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. साहिल लाल झाला आणि उठायला लागला, पण पार्वतीबाईंनी त्याला हातानं थांबवलं. त्यांना राग आला होता, तो त्यांच्या कपाळावर दिसत होता, पण त्या नानाजींकडे पाहतच नव्हत्या. त्या गिटारीच्या मानेकडे पाहत होत्या.

"साहिल, याच्यावरचं लोखंड कुठं गेलं रे?"

"ते... दुकानवाल्यानं काढलं आई. म्हणाला, हे काय कचरा आहे. तारापण त्यानंच खाली घेतल्या. तो तुकडा बॅगेच्या खिशात आहे."

"बह्याड कुठचा! काढ ते."

साहिलनं खिशातून बोटभर लांबीची एक लोखंडी पट्टी काढली, वर खाचा पाडलेली. नानाजी ती पाहायला पुढं वाकले. पार्वतीबाईंनी तारा सैल केल्या, मानेच्या टोकाला ती पट्टी सरकवली, पोटावरची तारा पेलणारी घोडी वर उचलली, खुंट्या पिळून पुन्हा सूर लावला. तारा फ्रेटपासून चांगल्या अर्धं पेर वर उचलल्या गेल्या. आता त्या दाबायच्या म्हटलं तरी दाबल्या गेल्या नसत्या. मग त्यांनी कपाटातून गुळगुळीत पोलादी कांडी आणली, पलंगावर मांडी न घालता पाय खाली सोडून बसल्या आणि गिटार आडवी, पाठीवर, दोन्ही मांड्यांवर ठेवली.

ते दोन फिकट डाग बरोब्बर त्यांच्या दोन मांड्यांवर जाऊन बसले.

नानाजींना सूर ऐकायची गरजच उरली नव्हती. हवाईयन गिटार! जवानीत त्यांच्याच ऑर्केस्ट्रात एक म्हातारा अशी आडवी गिटार घेऊन बसायचा, पोलादाची कांडी तारांवरून घसरवायचा, फ्रेटला तर तारेचा स्पर्शही व्हायचा नाही. झिजणार काय, डोंबल? हे नानाजींना माहीत नव्हतं असं नाही. पण गेला आठवडाभर ते खोटेपणा शोधत होते, आणि जो खोटेपणा शोधायला निघतो त्याला तो सापडल्याशिवाय राहतो थोडाच!

पार्वतीबाईंनी कांडी टेकवली. सुरुवातीला एकदोन सूर हुकले, वर्षांची सवय तुटली होती. मग सूर ओला होत गेला. एका सुरातून दुसऱ्यात तार अशी सरकत होती की मध्ये कुठं थांबली ते कळतच नव्हतं, आणि ती पोकळ पाठ, तो फुगीर पेटारा, सगळा आवाज पोटात घेऊन हळूहळू बाहेर सोडत होता. बाईंचे डोळे मिटले होते. सुमतीबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि त्यांना ते लपवावंसंही वाटलं नाही.

सूर थांबले. "त्याईनं स्वतःसाठीच आणली होती जी," पार्वतीबाई म्हणाल्या. "पण त्याईची बोटं काही बसेनात. खाणीच्या कॉलनीत एक बंगाली बाई होती, ती अशी आडवी वाजवे. तिनं मले शिकवलं. मी वाजवो, अन् हे समोर बसून शेंगा सोलत. त्याईले वाजवता येत नव्हतं, ऐकता येत होतं. ते गेल्यावर मी ठेवून देली."

आता इथं कोणाही शहाण्या माणसानं उठून हात जोडले असते. पण नानाजींच्या जिभेला चुकलो म्हणायची सवय नव्हती, आणि वयाच्या पासष्टीत नवी सवय लागायला वेळ लागतो. ते घसा खाकरून म्हणाले, "बरं. निघतो आम्ही. उशीर होईन." भ्रमाचा भोपळा फुटल्यावर त्याच्या फोडी गोळा करत बसण्यापेक्षा तिथून पळ काढणं त्यांना सोपं वाटलं. कोणी त्यांना थांबा म्हटलं नाही.

गाडी निघाली. सुमतीबाई खिडकीबाहेर पाहत होत्या, आणि त्यांचं हे पाहणं लग्न झाल्यापासून नानाजींच्या चांगलंच ओळखीचं होतं. अपेक्षाचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. वाटेतलं पाटणसावंगी जवळ आलं तेव्हा नानाजींना राहवलं नाही.

"तुले माहीत होतं?"

"हो. मी तिथं कितीदा गेली आहे. साहिलच्या आईनंच सगळं सांगितलं होतं."

"मंग सांगितलं काहून नाही? माझी अशी फजिती होऊ देली?"

अपेक्षानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडलेली असती तर बरं झालं असतं. ती फक्त थकलेली होती.

"सांगितलं असतं तर तुमी काय म्हटलं असतं बाबा? त्यानंच पढवून पाठवलं म्हटलं असतं. मी कधी काही सांगितलं, अन् तुमी ते ठोकून न पाहता मानलं, असं झालं काय? शाळेतले मार्क सांगितले तर तुमी सरांना विचारून येत होते. मी सांगणं सोडून देलं. लय दिवस झाले, तुमच्या लक्षात नाही आलं."

नानाजी म्हणायला गेले की असं काही नाही. पण मागच्याच रविवारी, तिच्या गप्प बसण्यावर आपण काय विचार केला, ते त्यांना आठवलं. तिनं सांगितलं असतं तर आपण तिच्या तोंडातसुद्धा आरसा आणि टॉर्च घातली असती. त्या नवरदेवाच्या मामाच्या हसण्यानंसुद्धा इतकं दुखलं नव्हतं. आयुष्यभर कोणी फसवू नये म्हणून कान टवकारून बसलो, आणि त्या भानगडीत घरचीच पोरगी मुकी झाली.

"गाडी वळव," ते म्हणाले.

"काहून? आता काय राहिलं?"

"वळव वं माय. एक विचारायचं राहिलं."

सुमतीबाईंनी खिडकीतून नजर आत आणली. अपेक्षानं काही न बोलता पुढच्या वळणावरून गाडी फिरवली.

पार्वतीबाई ओसरीत उष्ट्या ताटल्या उचलत होत्या. साहिल पायरीवर बसला होता, तो गाडी पाहून ताडकन उभा राहिला, आणि आता आणखी काय, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. नानाजी उतरले. ओसरीत चढले नाहीत, खालीच अंगणात उभे राहिले.

"बाई, मी चुकीचं बोललो. तुमच्या घरात बसून, तुमचं खाऊन बोललो. माफ करा."

"जाऊ द्या जी. या, बसा."

"बसत नाही. आधी विचारतो." त्यांचा आवाज चिरकला, आणि ऑर्केस्ट्रातल्या माणसाला आपला आवाज चिरकल्याचं लगेच कळतं. "मी नुसतं तुमचं घर पाहत राहिलो, तुमची गिटार पाहत राहिलो. तुमाले कोणी विचारलंच नाही. माझी पोरगी तुमाले पसंत आहे काय?"

पार्वतीबाईंनी ताटल्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि गाडीशी उभ्या असलेल्या अपेक्षाकडे पाहिलं.

"ती तर आमाले कधीचीच पसंत आहे जी," त्या म्हणाल्या. "लग्नाचं बोलणं लांबत गेलं ते तुमच्या धास्तीनं. तीच म्हणे, बाबांसमोर खरं सांगायलेही भेव लागते."